तारण म्हणजे नेमकं काय? केडगावच्या रमाबाईंची आठ वर्षं

तारण हा शब्द आपल्याला भेटतो सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मवर. सोनं तारण, जमीन तारण, माल तारण. आपली वस्तू दुसऱ्याकडे अडकवायची आणि कर्ज फिटलं की सोडवून आणायची. मराठी ख्रिस्ती माणूस हाच शब्द रोजच्या प्रार्थनेत वापरतो. तिथे त्याचा अर्थ तरून जाणं, वाचणं, सुटका होणं. येशूला तो तारणारा म्हणतो. आता शब्द जरी वेगवेगळ्या वाटेने आले असले तरी दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार लांब नाहीत. मराठी बायबलात येशूच्या मरणासाठी 'खंडणी' असाही शब्द आलाय. आज खंडणी म्हटलं की आपल्याला गुंडाचा फोन आठवतो, पण तिथे अर्थ आहे सुटकेसाठी भरलेली किंमत. माणूस कुठेतरी अडकून पडलाय, स्वतःला सोडवायची त्याची ऐपत नाही, आणि दुसऱ्याच कोणीतरी किंमत भरून टाकली. कल्पना एवढीच. भांडण सुरू होतं ते पुढच्या प्रश्नावरून: किंमत भरली गेली हे ठीक, पण ती माझ्या खात्यावर जमा कशी होते? कोणाच्या हातून? आणि कधी?

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या दौंड तालुक्यातलं केडगाव. मुक्ती मिशन तिथे आहे हे सगळ्यांना माहीत. पंडिता रमाबाईंचं नावही माहीत. पण धर्मांतराचा विषय बातम्यांत तापला की आपल्याकडच्या ग्रुपवर रमाबाईंबद्दल दोनच प्रकारचे मेसेज फिरतात. एक, 'बाटली ती'. दुसरा, 'थोर समाजसुधारक', आणि त्यात त्यांच्या धर्माचा उल्लेखच गाळलेला. पहिल्यात शिवी आहे, दुसऱ्यात अवघडलेपण. त्या बाईला नक्की काय हवं होतं, हा प्रश्न दोन्हीकडे नाही. माझ्या मते त्यांचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरलं. सुटका कोणाला मिळते आणि मधे दलाल लागतो का? हा प्रश्न त्यांनी आधी शास्त्र्यांना विचारला, आणि मग तितक्याच ताठपणे चर्चलाही विचारला. हे दुसरं आपण विसरतो.

सुरुवात वडिलांपासून करायला हवी. अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेत जाब द्यावा लागलेला माणूस. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. पुढे हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थक्षेत्रं फिरत राहिलं. देवळात बसून पुराण वाचायचं, लोक जे ठेवतील त्यावर जगायचं, त्यातलंही दान करायचं. नेम, व्रतं, स्नानं, प्रदक्षिणा, काही सोडलं नाही. मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकून झालं, भांडीसुद्धा. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यावर काढले, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हातारे वडील पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायला निघाले होते. ते पुढे गेले, मग आई गेली, मग मोठी बहीण. सगळं १८७४ च्या आसपास. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

या मुलीच्या डोक्यात त्या वयात काय चाललं असेल बघा. पुण्याचा हिशोब तिच्या घरात कोणाही घरापेक्षा मोठा होता. सगळी किंमत भरून झाली होती. हाती काय आलं?

दोघं बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरत १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि 'पंडिता' नि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी. मग तिला सांगितलं गेलं की पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्यानं दे. त्यासाठी धर्मशास्त्रं वाचावी लागली. पुराणं लहानपणापासून पाठ होती, पण शास्त्रं वाचली ती आता. केशवचंद्र सेनांनी तर हातात वेदाचा ग्रंथच दिला, वाच म्हणाले. एका स्त्रीने वेद वाचायचा!

आपल्या १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की या ग्रंथांचं आपसात एका गोष्टीवर एकमत नव्हतं, मात्र दोन मुद्द्यांवर सगळे एक होते. स्त्रीजात मुळातच वाईट आणि अपवित्र. आणि तिला स्त्री म्हणून मोक्ष नाही. तर्क सरळ होता. वेद शिकल्याशिवाय ब्रह्मज्ञान नाही, ब्रह्मज्ञानाशिवाय मोक्ष नाही, आणि स्त्रीला वेदाचा अधिकार नाही. मग उरलं काय? नवऱ्याची पूजा, म्हणजे त्याच्या पाठोपाठ काहीतरी मिळेल. नाहीतर पुण्य करून पुढच्या जन्मी पुरुष व्हायचं. शूद्रांनाही वेदाचं दार बंदच.

इथे कोणीतरी गीतेचा नववा अध्याय काढेल, आणि काढावाच. स्त्रिया, वैश्य, शूद्र सगळे परम गतीला जातात असं तिथे म्हटलंय. आपल्या वारकरी संतांनी तर ही गोष्ट शतकानुशतकं कीर्तनातून सांगितली. जनाबाई, चोखोबा, बहिणाबाई यांना कोणी अधिकाराचा दाखला विचारला नव्हता. म्हणजे विचारला होता, पण त्यांनी तो दिला नाही. मला नेहमी वाटतं, रमाबाई लहानपणी आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर वाढल्या असत्या तर? पण त्या वाढल्या पुराणिकांच्या घरात, संस्कृतात, दक्षिणेतल्या देवळांत. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले ते १८९५ ला, आणि तुकोबाला सोबत घेऊन गेले. रमाबाईंच्या सामानात तुकोबा नव्हता.

भाऊ १८८० ला गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, ब्राह्मणेतर माणसाशी, नोंदणी पद्धतीने. संसार आसामातल्या सिलचरला. घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन सृष्टीची कथा सांगायचा, ती त्यांना आवडायची. ख्रिस्ती व्हावंसं वाटतं असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तो चिडला. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात मनोरमा, काही महिन्यांची.

मग पुणे. रानडे-भांडारकरांच्या मंडळींनी बोलावून घेतलं. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, सगळं त्या एका १८८२ सालात. पुस्तकाच्या पैशातून त्या १८८३ ला इंग्लंडला गेल्या, वैद्यकी शिकायला. ख्रिस्ती होणार नाही असं सांगून गेल्या होत्या. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज गावात त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुण्याला फसवल्यासारखं वाटलं ते या शब्दामुळे, आणि ते समजण्यासारखं आहे. एक गोष्ट मी गाळणार नाही: त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी बाप्तिस्म्याच्या थोडं आधी तिथेच विष घेऊन जीव दिला. परक्या देशात, कॉन्व्हेंटच्या भिंतीआड, त्या बाईच्या मनावर काय दडपण आलं असेल याचा विचार केल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

रमाबाईंनी मन का बदललं? दोन कारणं त्यांनीच दिलीत. एक म्हणजे फादर नेहेम्या गोरे. मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, काशीचे चित्पावन पंडित, १८४८ ला ख्रिस्ती झालेले. त्यांच्या लिखाणाने बुद्धीला पटलं. ब्राह्मो समाजाचा देव म्हणजे आपल्याच मनाने बनवलेला, त्याला आधार काय, हा त्यांचा मुद्दा रमाबाईंना खोडता आला नाही.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहमला नेलं. तिथे 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी आश्रम होता. ज्या बायकांना आपल्याकडे सावलीलाही उभं करत नसत, त्यांची सेवा चांगल्या घरातल्या बायका करत होत्या. त्यातल्या काही पूर्वाश्रमीच्या पतित बायका आता स्वतःच दुसऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, का करता हे? तेव्हा सिस्टरने शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. विहिरीवर भर दुपारी पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, जातीने हलकी मानलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि खऱ्या उपासनेबद्दलची त्याची सगळ्यात मोठी शिकवण तिलाच सांगतो. ज्या बाईला कलकत्त्यात सांगितलं गेलं होतं की तुला वेदाचा अधिकार नाही, तिने हे ऐकलं.

आता जरा थांबून तारणाचा विचार नीट मांडतो, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही.

आपण मोक्ष म्हणतो तेव्हा जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं मनात असतं. ख्रिस्ती विचारात फेरा नाहीच, जन्म एकच. अडचण आहे पापाची. पाप म्हणजे हातून घडलेल्या चुकांची यादी एवढंच त्यात नाही, देवाशी असलेलं नातं तुटलंय ही मूळ गोष्ट आहे. तोडलं माणसाने, आणि जोडायचं बळ त्याच्यात नाही. म्हणून देव स्वतः माणूस होऊन येतो, क्रूसावर मरतो, तिसऱ्या दिवशी उठतो, आणि तुटलेलं जोडून देतो. याला ते कृपा म्हणतात. कृपा म्हणजे न कमावलेलं दान. माणसाने करायचं ते पश्चात्ताप आणि विश्वास. पश्चात्ताप म्हणजे छाती बडवणं नव्हे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन फिरवणं असा आहे. आणि विश्वास म्हणजे देव आहे असं नुसतं मान्य करणं नव्हे, त्याच्यावर भार टाकणं. सत्कर्म लागतंच, पण ते किंमत म्हणून नाही, झाड जिवंत असल्याची खूण म्हणून फळ लागतं तसं.

इथपर्यंत बहुतेक सगळे ख्रिस्ती मान हलवतील. पण कृपा पोचते कशी? वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला विचारलंत तर तो सांगेल, बाप्तिस्म्याने सुरुवात होते, मग प्रभुभोजन, पापनिवेदन, चर्चच्या हातून मिळणारे संस्कार, आणि प्रेमाने चाललेलं आयुष्य. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतला माणूस सांगेल, केवळ विश्वासाने, संस्कार ही खूण. या एका मुद्द्यावर लूथरने १५१७ पासून युरोप हलवला. कॅथलिक आणि लूथरन चर्च यावर एका कागदावर सही करायला १९९९ साल उजाडलं. आणि इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये तर दोन्ही मतांची माणसं एकाच छपराखाली. बाप्तिस्म्याच्या पाण्यानेच माणसाचा नवा जन्म होतो की नाही, हा वाद तिथे १८५० ला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. देवाघरचा प्रश्न आणि निकाल देणार सरकारी कोर्ट!

वाँटेजच्या सिस्टर कर्मठ बाजूच्या. बाप्तिस्मा घेतलास म्हणजे चर्चने सांगितलेलं सगळं मान्य केलंस, ही त्यांची धारणा. रमाबाईंची धारणा वेगळीच निघाली. १८८५ च्या सुमारास सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो प्रसिद्ध आहे. त्रैक्याचा सिद्धांत मला बायबलात दाखवा, म्हणाल्या. येशूच्या जन्माबद्दलची मतं तपासून मगच मानीन. अमुक पंथसूत्र मानलं नाही तर नरक, हे मला मान्य नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको? मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी, या हिंदी बाईने इंग्लंडात पुरुषांना शिकवू नये असं कळवलं, तेव्हा तर त्या भडकल्याच. भारतातल्या भटभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवलीय, आता दुसरं तसलंच जोखड घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून टाकलं. कोणाला? ज्यांच्या घरी राहत होत्या, ज्यांचं अन्न खात होत्या, त्यांना.

इकडे पुण्यात त्यांना गोऱ्यांच्या हातातलं बाहुलं म्हणत होते. जोतीराव फुल्यांना मात्र त्यांचं बळ कळलं होतं. 'सत्सार' हे त्यांनी १८८५ ला काढलं, त्यात रमाबाईंची बाजू घेतलीय. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत हे लक्षात घ्या. त्यांना रस होता तो एका ब्राह्मण बाईने ग्रंथ स्वतः वाचून निर्णय घेतला यात.

मग अमेरिका, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं निमित्त, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक, बॉस्टनची रमाबाई असोसिएशन. हा भाग बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, म्हणून सोडतो. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ते पुण्याला आलं.

त्या वेळचं पुणं कशात गुंतलं होतं माहीत आहे? चहात. १८९० च्या ऑक्टोबरात पंच हौद मिशनमध्ये एक बैठक झाली, आणि रानडे, टिळक वगैरे मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनी, म्हणजे आपल्या डॉक्टर आनंदीबाईंच्याच यजमानांनी, नावं छापून आणली आणि गाव पेटलं. प्रकरण शंकराचार्यांच्या ग्रामण्यापर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी पुढे पुण्यात घेतलं. आणि हे पंच हौद मिशन कोणाचं? वाँटेजच्याच सिस्टरांचं तिथे काम होतं. म्हणजे बघा, एकाच गावात एकाच वेळी प्रश्न एकच चाललाय: लागलेलं पाप जातं कसं? एकीकडे दक्षिणा आणि विधी. दुसरीकडे बाप्तिस्म्याचं पाणी. आणि मधे रमाबाई, ज्यांच्याकडे बाप्तिस्मा होता आणि तरी शांतता नव्हती.

हो, नव्हती. हे त्यांनी लपवलं नाही. १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. शब्द माझे आहेत, पण आशय हाच. एक पुस्तक हातात पडलं होतं, विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं. हा गृहस्थ कॉर्नवॉलमधला, कर्मठ मताचा, चर्चबिर्च बांधून बसलेला. १८५१ मध्ये एका रविवारी तो व्यासपीठावर प्रवचन देत होता आणि देता देता त्यालाच उमगलं की आपला विश्वास नुसता तोंडचा होता. समोरच्या लोकांतून कोणीतरी ओरडलं, आपल्या पाद्रीबाबांचंच परिवर्तन झालं! रमाबाईंनी हे वाचलं आणि स्वतःला विचारलं, माझं झालंय का?

पुढचं त्यांनी अंधाऱ्या खोलीच्या उपमेने सांगितलंय. अंधारात चाचपडत काहीतरी शोधत असलेल्या माणसाला अचानक उजेड दिसावा तसं. त्यांना कळलं ते साधं होतं. तारण पुढे कधीतरी, पुरेसं केल्यावर मिळायचं नाही, ते आत्ता दिलेलं आहे आणि फक्त घ्यायचं आहे. त्या म्हणतात, मी विश्वास ठेवला आणि मला मिळालं. वडिलांनी आयुष्यभर पुण्य साठवलं ते पुढच्यासाठी. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी सांगितलं ते पुढच्या जन्मासाठी. वाँटेजला जे मिळालं त्यातही आधी हे माना, ते माना असं होतं. 'आत्ता' आणि 'फुकट' हे दोन शब्द या बाईला तिच्या बत्तिशी-तेहतिशीत पहिल्यांदा खरे वाटले.

मला या अनुभवाचा पुरावा मागता येत नाही, मीही मागत नाही. इतिहास म्हणून बघताना मला दिसतो तो त्याचा परिणाम, आणि तो दोन्ही बाजूंनी दिसतो.

पहिला परिणाम त्रासाचा. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत, दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावलं नाही, पण दार बंदही करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. 'केसरी' तुटून पडला. १८९३ च्या ऑगस्टात रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. मला विचाराल तर 'केसरी'च्या मुद्द्यात तथ्य होतं. अल्पवयीन विधवा मुली, दुसरीकडे कुठे जायला जागा नाही, आणि ज्या बाईच्या हातात त्यांचं अन्न तिच्याच खोलीत प्रार्थना. अशा ठिकाणी उघडं दार हेसुद्धा आमंत्रणच असतं. रमाबाई स्वतः वाँटेजला अशाच स्थितीत होत्या, त्यांना हे कळायला हवं होतं. पण ज्याला वाटतं की बुडणाऱ्याला दोर आपल्या हातात आहे, त्याने तो दाखवायचाही नाही, हे कसं शक्य आहे? मिशनरी वृत्तीच्या प्रत्येक माणसापुढचा हा पेच आहे आणि तो कायद्याच्या एका कलमाने सुटेल असं मला वाटत नाही. शिवाय 'केसरी'ने त्या मुलींसाठी दुसरं घर उघडलं नाही. उघडलं ते पुढे अण्णासाहेब कर्व्यांनी, आणि त्यांच्या पत्नी बाया कर्वे म्हणजे शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. चारेक वर्षं राहून त्या हिंदूच राहिल्या.

दुसरा परिणाम म्हणजे केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिनेकशे मुली-बायका घेऊन आल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पुण्यात प्लेग, नव्या मुलींना शहरात ठेवायला बंदी, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जात विचारली गेली नाही. आणि फुलहमला पाहिलेलं विसरल्या नव्हत्या, 'कृपा सदन' काढलं ते त्याच बायकांसाठी, ज्यांना शारदा सदनाच्या पालकांनीही शेजारी बसू दिलं नसतं. नाव बघा, कृपा. मागे सांगितलं तेच, न कमावलेलं दान. १९०५ ला तिथे मोठं धार्मिक संजीवन झालं, मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत. जगभरचे पेंटेकॉस्टल अभ्यासक अजून त्यावर लिहितात. मला त्यापेक्षा तिथलं तेलाचं घाणं, विणकाम, दुग्धालय, छापखाना जास्त बोलके वाटतात. मुक्ती मिळालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी कामही लागतं.

संस्थेला 'मुक्ती' हे नाव देताना त्यांनी आपलाच जुना शब्द उचलला, ज्याचं दार त्यांना बंद असल्याचं कलकत्त्यात वाचलं होतं. कुठल्या एका पंथाच्या हाताखाली संस्था नेली नाही. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलाचं मराठी भाषांतर करत बसल्या. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण त्यांना ते पंडिती वाटायचं. शेतात काम करणाऱ्या, नुकतं अक्षर गिरवायला लागलेल्या बाईला मधे कोणी न घेता वाचता यावं, अशी मराठी त्यांना हवी होती. जिला संस्कृतातल्या पदव्या मिळाल्या तीच आता अवघड संस्कृत शब्द काढत होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ ला केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला संस्थेतल्याच बायका होत्या.